राजाचा कप्तान, कंपनीचे बेट

अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे समुद्रात दोन लहान बेटे दिसतात. जवळचे उंदेरी आणि त्याच्या पलीकडचे खांदेरी. खांदेरीवर १८६७ साली उभारलेला दीपस्तंभ आहे, कोळ्यांचा वेताळ आहे, आणि शिवाजी महाराजांनी १६७९ साली भर पावसाळ्यात बांधावयास घेतलेला तट आहे. कोकणापासून दूर, दिल्लीत, इंदुरात किंवा हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाने ही बेटे पाहिली नसली, तरी खांदेरीचे नाव त्याच्या कानावरून गेलेले असते. महाराजांच्या आरमाराची आणि इंग्रजांची समोरासमोर गाठ पडली ती या पाण्यात. त्या लढाईच्या हकीकतीत 'रिव्हेंज' नावाच्या एका इंग्रज जहाजाचा उल्लेख येतो आणि त्याबरोबर एका कप्तानाचे नाव येते, रिचर्ड केग्विन. बहुतेक मराठी पुस्तके तेथेच त्याचा निरोप घेतात. वस्तुतः हा मनुष्य त्यानंतर चारच वर्षांनी मुंबई बेटाचा धनी होऊन बसला होता. त्याने ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल जाहीरपणे झुगारून दिला, अकरा महिने बेटावर राज्य केले, संभाजी महाराजांशी तह केला, आणि मग सारे काही शांतपणे परत करून तो चालता झाला. या विलक्षण मनुष्याचे चरित्र सांगण्याचा आज माझा मानस आहे.

केग्विन हा कॉर्नवॉलचा. इंग्लंडचा हा नैर्ऋत्येकडील चिंचोळा कोपरा, खडकाळ, वादळी आणि मासेमारीवर जगणारा. आपल्या रत्नागिरी-मालवणची ज्यांना ओळख आहे, त्यांना त्या मुलखातील माणसांचा स्वभाव फारसा समजावून सांगावा लागणार नाही. पेन्झान्स आणि माऊजल ही तेथील बंदरे. १५९५ साली स्पॅनिश गलबतांनी माऊजलवर छापा घालून गाव जाळले, तेव्हा आपल्या घराचे रक्षण करताना केग्विन घराण्यातील एक पुरुष मारला गेला होता. अशा घराण्यातील रिचर्डने इंग्रज आणि डच यांच्या दुसऱ्या युद्धाच्या वेळी, म्हणजे १६६५ च्या सुमारास, राजाच्या आरमारात पाऊल टाकले. राजाच्या आरमारात, कंपनीच्या नव्हे. पुढे जे काही घडले त्याचे मूळ या भेदात आहे, म्हणून तो आरंभीच ध्यानात ठेवावा.

त्याचे नाव प्रथम पुढे आले ते मात्र हिंदुस्थानापासून फार दूर, दक्षिण अटलांटिक महासागरातील सेंट हेलेना बेटावर. पुढे नेपोलियनच्या बंदिवासामुळे जगाला ठाऊक झालेले हेच ते बेट. त्या काळी पूर्वेकडून परतणारी जहाजे तेथे गोडे पाणी भरून घेत, त्यामुळे त्याचे मोल मोठे होते. बेट कंपनीकडे होते. १६७३ च्या प्रारंभी डचांनी ते जिंकले. ही वार्ता अद्याप इंग्लंडास पोचावयाची होती, तोच कंपनीच्या परतणाऱ्या जहाजांना सोबत करण्यासाठी निघालेला राजाच्या आरमारातील कप्तान रिचर्ड मंडन त्या पाण्यात येऊन ठेपला. त्याच्या ताफ्यात केग्विन एका लहान जहाजाचा कप्तान होता.

सेंट हेलेना म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला काळा कडा. बंदराच्या बाजूला डचांच्या तोफा रोखलेल्या होत्या. उरलेल्या बाजूंनी कोणी वर चढेल हे संभवनीय वाटत नव्हते. मंडनने आपल्या शिपायांची एक तुकडी केग्विनच्या हाताखाली देऊन रात्रीच्या वेळी बेटाच्या पूर्वेकडील एका आडबाजूच्या उपसागरात उतरवली. वाटाड्या होता ऑलिव्हर नावाचा एक काळा गुलाम, जो पूर्वी त्या बेटावर राहिलेला होता. कड्यावर प्रथम एक शिपाई चढला. त्याने वरून दोर खाली सोडला आणि त्या दोराला धरून बाकीचे चढले. खालचे सोबती त्या पहिल्या शिपायाला ओरडून सांगत होते, 'टॉम, घट्ट धर!' आणि त्या ओरडण्यावरूनच त्या कड्याला नाव पडले, अशी कथा त्या बेटावर सांगतात. सिंहगडचा कडा लहानपणापासून ऐकत आलेल्या आपणा मंडळींना ही गोष्ट परकी वाटू नये. तुकडी बेटाच्या पोटातून बंदराकडे येत असताना समोरून मंडनच्या तोफा सुरू झाल्या, आणि डचांनी शरणागती पत्करली. हे १६७३ च्या मे महिन्यात झाले. पाठोपाठ नकळत आलेली डच कंपनीची जहाजेही हाती लागली. मंडन विजयी होऊन परत गेला, त्याला सरदारकी मिळाली. केग्विन बेटाचा गव्हर्नर म्हणून मागे राहिला.

ऑलिव्हरला या कामगिरीबद्दल गुलामगिरीतून मुक्त करण्यात आले, हे येथे नोंदवून ठेवावेसे वाटते. विजयाच्या हकीकतीत वाटाड्यांची नावे सहसा टिकत नाहीत.

केग्विनचे गव्हर्नरपद अल्पकाळच टिकले. राजाच्या तलवारीने जिंकलेले हे बेट दुसऱ्या चार्ल्सने त्याच वर्षाच्या डिसेंबरात सनद करून पुन्हा कंपनीच्या स्वाधीन केले. शिपायाने जिंकावे, राजाने द्यावे आणि व्यापाऱ्याने भोगावे, हा क्रम केग्विनने प्रथम येथे पाहिला. तो मुंबईस आला तेव्हा तेथेही हेच घडून गेलेले होते. पोर्तुगालच्या राजकन्येशी चार्ल्सचा विवाह ठरला त्या १६६१ च्या तहाने मुंबई आंदणात आली. १६६५ साली राजाच्या माणसांनी ती ताब्यात घेतली. आणि खर्च परवडेना म्हणून राजाने १६६८ साली ती कंपनीला देऊन टाकली. मोबदला काय, तर वर्षाला दहा पौंड खंड, सोन्याच्या नाण्यांत. तेथील गोऱ्या शिपायांपैकी पुष्कळजण राजाचे म्हणून आलेले होते. एका सकाळी त्यांना सांगण्यात आले की आजपासून तुमचे धनी सुरतेचे वखारवाले.

हे धनी वाईटच होते असे म्हणता येणार नाही. जेराल्ड ऑन्जियर हा मुंबईचा गव्हर्नर त्या काळच्या मानाने दूरदृष्टीचा पुरुष होता. न्यायासने, नाणी पाडणे, निरनिराळ्या जातिधर्मांच्या लोकांना येऊन राहण्याची मोकळीक, हे पुष्कळसे त्याचेच. पण त्याच्याही कारकिर्दीत, १६७४ साली, शिपायांनी एकदा दंगा केला. त्यांच्या बहुतेक मागण्या मान्य झाल्या आणि एका कॉर्पोरलला गोळी घालण्यात आली. ऑन्जियर १६७७ साली सुरतेस मरण पावला. केग्विन मुंबईत आला तो याच्या थोडाच आधी, प्रथम एक साधा रहिवासी म्हणून. त्याची योग्यता पाहून कंपनीने नव्याने उभ्या केलेल्या छोट्या घोडदळाचे आधिपत्य त्याला दिले. दर्यावर्दी माणसाच्या हाती घोडदळ! परंतु मुंबईत तेव्हा माणसेच इतकी थोडी होती, की ज्याच्या अंगी काही कर्तृत्व असेल त्याच्या गळ्यात काम पडे.

आता खांदेरी. १६७२ सालीच महाराजांनी या बेटावर तट बांधण्याचा उपक्रम केला होता आणि इंग्रज व सिद्दी यांच्या विरोधामुळे तो सोडून दिला होता. सात वर्षांनी त्यांनी तोच बेत पुन्हा हाती घेतला. मुहूर्त निवडला तो ऐन पावसाळ्याचा. दर्या खवळलेला, मोठी जहाजे बंदरात बांधलेली. अशा वेळी मायनाक भंडारी दीडशे माणसे आणि चार तोफा घेऊन बेटावर उतरला आणि दगड रचू लागला. मुंबईच्या कौन्सिलाला धडकी भरली हे स्वाभाविकच होते. खांदेरी मुंबई बंदराच्या तोंडापासून जेमतेम वीस किलोमीटरांवर. तेथे तोफा बसल्या म्हणजे बंदरात येणारे-जाणारे प्रत्येक तारू मराठ्यांच्या नजरेखालून जाणार.

इंग्रजांनी प्रथम थोडी गलबते पाठवून बेटाची नाकेबंदी करून पाहिली. १९ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरू लागला आणि तटावरून झालेल्या माऱ्यात काही सोबत्यांसह ठार झाला. मग 'रिव्हेंज' ही फ्रिगेट पुढे आणली. जहाजाचा कप्तान मिंचिन, आणि ताफ्याचे सेनापतित्व केग्विनकडे. बरोबर दोन गुराबा, काही शिबाडे आणि मचवे. गोरी माणसे सुमारे दोनशे.

१८ ऑक्टोबर १६७९ च्या पहाटे चौलच्या बाजूने दौलतखानाचे आरमार बाहेर पडले. साठ तरी गलबते असावीत. ती इतक्या वेगाने चालून आली की इंग्रजांना नांगर उचलण्यासही धड अवधी मिळाला नाही. 'डव्ह' नावाच्या गुराबेने निशाण उतरवले आणि ती मराठ्यांच्या हाती लागली. तीवरील कैदी पुढे सागरगडावर नेऊन ठेवले. बाकीच्या होड्यांनी पळ काढला. 'रिव्हेंज' एकटी उरली. केग्विन आणि मिंचिन यांनी शत्रूला अगदी जवळ येऊ दिले आणि मग तोफांचा असा भडिमार केला की पाच गलबते बुडाली आणि उरलेले आरमार नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरले. एका जहाजाने पन्नासांना हटविले म्हणून इंग्रज इतिहासकार या दिवसाचे कौतुक करतात. ते कौतुक खोटे नाही. शौर्य शत्रूचे असले म्हणून त्याला शौर्य म्हणण्यास आपण कचरू नये.

पण त्या दिवशीचा विजय आणि त्या मोहिमेचा निकाल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हे केग्विनइतके कोणास कळले नसेल. 'रिव्हेंज' शिडाची. वारा पडला की ती जागच्या जागी. मराठ्यांची गलबते उथळ तळाची, वल्ह्यांवर चालणारी. त्यांना वाऱ्याची गरज नव्हती आणि खोल पाण्याचीही नव्हती. रात्र झाली, भरती पाहिली, की थळच्या खाडीतून पाचपंचवीस होड्या सुटत. खडकांच्या मधून, जेथे 'रिव्हेंज'ला येणे शक्य नव्हते अशा वाटेने, धान्य, दारूगोळा आणि चुना बेटावर पोचे आणि उजाडण्यापूर्वी होड्या परत येत. दिवसा केग्विन समुद्राचा राजा असे. रात्री खांदेरीचा तट चार बोटे वर चढलेला असे. नोव्हेंबरात सिद्दीचे आरमार इंग्रजांच्या मदतीस आले. परंतु सिद्दीच्या मनात खांदेरी घेऊन स्वतःच तेथे बसावयाचे होते. मित्र शत्रूपेक्षा अवघड झाला. अखेर १६८० च्या प्रारंभी इंग्रजांनी माघार घेतली, महाराजांशी समझोता केला, सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, आणि खांदेरी मराठ्यांची राहिली ती राहिलीच.

लढाई संपली आणि केग्विनला बक्षीस मिळाले ते असे. लंडनच्या संचालकांनी मुंबईच्या खर्चाचा ताळा पाहिला होता आणि त्यांना काटकसरीचा झटका आला होता. त्यांचे हुकूम वाचताना मला, आयुष्य सरकारी कागदांत काढलेल्या माणसाला, ओळखीचे काहीतरी भेटल्यासारखे वाटले. पलटणीतील लेफ्टनंट दोन, एन्साइन दोन, सार्जंट चार, कॉर्पोरल चार, शिपाई एकशे ऐंशी. याहून अधिक नकोत. नाक्यांवर पाठविलेल्या तुकड्यांना भत्ता देऊ नये. घोडदळ मोडून टाकावे. कप्तान केग्विन यांस सेवामुक्त करावे. 'भत्ता' हा हिंदुस्थानी भाषांतला शब्द इंग्रजांनी आपल्या हिशेबाच्या वह्यांत जसाच्या तसा घेतला आणि त्यावरून पुढे दीडशे वर्षे त्यांच्या फौजांत असंतोषाच्या ठिणग्या उडत राहिल्या. हुकूम काढणारे सात समुद्रांपलीकडे बसलेले होते. त्यांच्यापुढे आकडे होते. खांदेरीचा तट नव्हता आणि माझगावात नांगरलेला सिद्दीही नव्हता.

केग्विन इंग्लंडला गेला. तेथे कंपनीचे मन वळले आणि १६८१ साली तिने त्याला पुन्हा मुंबईस पाठवले. शिपायांचे नायकत्व, कौन्सिलात तिसरी जागा, पगार दिवसाला सहा शिलिंग. मात्र जेवणाखाणाचा भत्ता नाही. म्हणजे मानाचे पान दिले आणि त्यावर वाढण्याचे राहून गेले.

तो परत आला तेव्हा मुंबईचे दिवस अधिकच खडतर झाले होते. शिवाजी महाराज १६८० च्या एप्रिलमध्ये निवर्तले होते. संभाजी महाराजांचे जंजिऱ्याच्या सिद्दीशी हाडवैर चालू होते. सिद्दी हा मोगल बादशहाचा आरमारप्रमुख. सुरतेच्या वखारीची मान बादशहाच्या हाती. म्हणून सिद्दीने दर पावसाळ्यात आपले आरमार मुंबईच्या माझगाव बंदरात आणून बसवावे आणि कंपनीने ते मुकाट्याने चालू द्यावे, अशी स्थिती होती. सिद्दीचे लोक समोरच्या किनाऱ्यावर जाऊन मराठ्यांची गावे लुटत आणि लूट व कैदी घेऊन माझगावात परतत. संभाजी महाराजांना यात इंग्रजांचे अंग दिसले तर नवल नाही. बेटावरील कोळी-भंडाऱ्यांना त्यांचा उपद्रव निराळाच होता. १६८३ साली सिद्दीच्या पठाणांनी माझगावच्या भरबाजारात दोन इंग्रज शिपायांना मारहाण केली आणि कंपनीचे अधिकारी स्वस्थ बसले. सुरतेस अध्यक्ष होता जॉन चाइल्ड, आणि लंडनमध्ये कंपनीचा कारभार हाकणारा सर जोसाया चाइल्ड. आडनाव एक असले तरी हे दोघे नातलग नव्हेत. पण धोरण एकच होते. मुंबईचा डेप्युटी गव्हर्नर चार्ल्स वॉर्ड हा या धोरणाचा आज्ञाधारक पाईक.

२७ डिसेंबर १६८३ रोजी केग्विनने वॉर्डला आणि त्याच्या पक्षाच्या कौन्सिलरांना अटक केली. फौज आणि बेटावरील शिबंदी जमवून त्याने जाहीर केले की कंपनीचा अंमल येथून संपला. हे बेट यापुढे इंग्लंडच्या राजाच्या छत्राखाली आहे. दीडशे इंग्रज शिपाई आणि दोनशे तोपास यांनी त्यालाच गव्हर्नर निवडले. एन्साइन थॉर्बर्न, हेन्री फ्लेचर आणि इतर काही अधिकारी त्याच्या बरोबर होते. कोणाचे रक्त सांडले नाही. नेमक्या त्याच आठवड्यांत संभाजी महाराज गोव्यात पोर्तुगीजांना नामोहरम करीत होते. पश्चिम किनाऱ्यावर त्या वर्षअखेरीस कोणाचेच आसन स्थिर नव्हते.

बंड म्हटले म्हणजे लूट आलीच, अशी आपली कल्पना असते. येथे काय झाले पाहा. बंदरात कंपनीची 'रिटर्न' आणि 'हंटर' ही जहाजे होती आणि त्यांत पन्नास ते साठ हजार पौंडांच्या घरातला खजिना होता. तो केग्विनने उतरवून किल्ल्यात नेऊन ठेवला आणि सांगितले की बेटाच्या संरक्षणाखेरीज यातील पैसा खर्च होणार नाही. ज्याच्या भत्त्यावरून कंपनीने घासाघीस केली होती, त्याच्या हाती तिची तिजोरी आली, आणि तिला त्याने आपल्यासाठी हात लावला नाही. जानेवारीत जॉन चाइल्ड स्वतः मुंबईस येऊन बोलणी करून गेला. त्याचा उपयोग झाला नाही. त्याच महिन्यात केग्विन आणि त्याचे सोबती यांनी राजाला आणि त्याच्या भावाला, म्हणजे यॉर्कच्या ड्यूकला, पत्रे पाठवली: कंपनीच्या कारभाराने हे बेट सिद्दीच्या किंवा मराठ्यांच्या घशात जाणार होते, आपली आज्ञा येईपर्यंत ते आम्ही आपल्यासाठी राखून ठेवीत आहोत.

अकरा महिन्यांतली त्याची दोन कामे विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे सिद्दीला त्याने माझगावचा दरवाजा बंद केला. पाणी भरावयास यावे आणि जावे. आरमार येथे ठेवता येणार नाही. कंपनीला इतकी वर्षे जे अशक्य वाटत होते, ते एका हुकमाने झाले आणि त्यामुळे आभाळ कोसळले नाही. दुसरे, त्याने हेन्री गॅरी या जुन्या, अनुभवी गृहस्थाला संभाजी महाराजांकडे पाठवले. हा गॅरी कंपनीच्या आधी, राजाच्या अमलात, मुंबईचा गव्हर्नर होता. सिद्दीला हुसकून लावणाऱ्याशी बोलण्यास महाराजांना अडचण असण्याचे कारण नव्हते. १६८४ साली तह झाला. इंग्रजांच्या पूर्वीच्या व्यापारी सवलती कायम झाल्या, आणि कंपनीच्या जुन्या नुकसानभरपाईपोटी बारा हजार होनही मिळाले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन रायगडावर गेला होता, तेव्हापासून कंपनी भरपाईच्या मागे होती. ती वसूल केली कंपनीच्या बंडखोराने!

पाच वर्षांपूर्वी खांदेरीच्या पाण्यात मराठ्यांवर तोफा डागणारा हाच मनुष्य. त्याच्या मनात मराठ्यांविषयी प्रेम उपजले होते असे मानण्याचे कारण नाही. मराठ्यांच्या आरमाराशी प्रत्यक्ष झुंजलेला तो शिपाई होता. त्यांना वल्ह्यांच्या होड्यांनी काय करता येते हे त्याने रात्रीमागून रात्री पाहिले होते. सिद्दीला पोसून मराठ्यांशी वैर ओढवून घेण्याचा व्यवहार किती आतबट्ट्याचा आहे, हे त्याला सुरतेच्या वखारीत बसलेल्या माणसांपेक्षा अधिक कळत होते. त्याचे बंड मुंबईच्या रहिवाशांसाठी नव्हते. इंग्रज शिपायाच्या पगारासाठी, मानासाठी आणि इंग्लंडच्या राजासाठी होते. माझगावच्या कोळ्यांना एक पावसाळा सुखाचा गेला हे त्याचे आनुषंगिक फळ.

आणि तो राजा? येथे या कथेतील खरी वेदना आहे. केग्विन ज्या चार्ल्सच्या नावाने बेट राखून बसला होता, त्याला सर जोसाया चाइल्ड कंपनीच्या वतीने दरसाल दहा हजार गिनींची भेट पोचवीत असे. राजनिष्ठ शिपायाचे पत्र आणि व्यापाऱ्याची थैली एकाच दरबारात पोचली. राजाने मुंबई कंपनीला परत करण्याचा हुकूम काढला. केग्विनला त्या दरबारातील जमाखर्च माहीत असता तर त्याने काय केले असते, हा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे. १९१६ साली रे आणि ऑलिव्हर स्ट्रॅची या दांपत्याने या बंडावर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. ते वाचतानाही ही खंत मनातून जात नाही.

हुकूम बजावण्यास आला तो सर टॉमस ग्रँथम. यानेच १६७७ साली अमेरिकेत व्हर्जिनियाच्या वसाहतीतील बंडखोरांशी बोलणी करून त्यांना शस्त्रे खाली ठेवावयास लावली होती. त्यामुळे या कामात त्याचा हात बसलेला होता. १६८४ च्या नोव्हेंबरात 'चार्ल्स द सेकंड' हे आपले मोठे जहाज बाहेर ठेवून तो फौजेवाचून किनाऱ्यावर उतरला. शिपायांतील पुष्कळजण बेट सोडण्यास राजी नव्हते. कंपनीच्या सूडाची त्यांना भीती होती, आणि ती अनाठायी नव्हती. परंतु केग्विनचा युक्तिवाद सरळ होता. आपण बेट राजासाठी धरले आहे असे आपण म्हणालो. आता राजाचा हुकूम आला. तो न मानावा तर आपले आजवरचे म्हणणे लबाडीचे ठरेल. सर्वांना माफीचे अभय मिळाल्यावर त्याने किल्ला, बेट आणि खजिना ग्रँथमच्या स्वाधीन केला.

मी स्वतः सरकारी सेवक आहे. वरिष्ठांना कोंडून कचेरी ताब्यात घेण्याचे समर्थन माझ्या तोंडी शोभणार नाही, आणि ते मी करीतही नाही. पण खजिन्याच्या किल्ल्या मोजून परत देणारा हा बंडखोर, आणि तो ज्यांच्याविरुद्ध उठला ते त्याचे वरिष्ठ, यांना शेजारी उभे करून पाहिले म्हणजे गुन्हेगाराची जागा नेमकी कोठे, हे चटकन सांगवत नाही. अभयाचे काय झाले, तेही ऐकावे. अलेक्झांडर हॅमिल्टन या दर्यावर्दी प्रवाशाने आपल्या १७२७ सालच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की मागे राहिलेल्या थॉर्बर्नला जॉन चाइल्डने तुरुंगात डांबले आणि तेथल्या हालांतच त्याचा अंत झाला. हॅमिल्टनचे चाइल्डशी बरे नव्हते हे खरे. त्याचा प्रत्येक शब्द घेऊ नये. तरीही शिपायांची भीती पोकळ नव्हती एवढे त्यावरून दिसते. जॉन चाइल्डला १६८५ साली बॅरोनेट ही पदवी मिळाली.

केग्विन ग्रँथमबरोबर इंग्लंडला परतला. १६८५ च्या उन्हाळ्यात तो तेथे पोचला तोवर चार्ल्स मरून त्याचा भाऊ जेम्स गादीवर आला होता. पुढची तीनचार वर्षे त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. मग इंग्लंडात राज्यक्रांती झाली, जेम्स पळाला, विल्यम राजा झाला, फ्रान्सशी युद्ध पेटले, आणि आरमाराला अनुभवी कप्तानांची गरज भासली. १६८९ साली केग्विनला 'असिस्टन्स' या युद्धनौकेचे आधिपत्य मिळाले. पुन्हा राजाचेच जहाज.

इकडे मुंबईत चाइल्डच्या धोरणाला फळ आले होते. ज्या मोगलाला न दुखवण्यासाठी सिद्दीला माझगावात जागा दिली होती, त्याच मोगलाशी कंपनीने स्वतः होऊन युद्ध उकरून काढले. १६८९ च्या प्रारंभी सिद्दी याकूतखान शिवडीस उतरला, माझगावचा किल्ला त्याने घेतला, आणि इंग्रज आपल्या किल्ल्याच्या चार भिंतींत कोंडले गेले. केग्विनने पाच वर्षांपूर्वी बंद केलेल्या दरवाजातून सिद्दी आत आला होता, या खेपेस पाहुणा म्हणून नव्हे. कंपनीला औरंगजेबापुढे नाक घासून माफी मागावी लागली. जॉन चाइल्ड फेब्रुवारी १६९० मध्ये मुंबईतच मरण पावला. सिद्दी बेट सोडून गेला तो त्याच वर्षाच्या जूनमध्ये. जाताना त्याने माझगावचा किल्ला जाळला.

त्याच जून महिन्यात, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, वेस्ट इंडीजमधील सेंट किट्स बेटासमोर इंग्रजांचा एक ताफा उभा होता. बेट फ्रेंचांनी घेतलेले होते. बंदराच्या बाजूला खंदक खणून फ्रेंच वाट पाहत होते. एका बाजूची टेकडी इतकी उभी होती की तेथे त्यांनी पुरेसा पहारा ठेवला नव्हता. २१ जूनच्या रात्री एक तुकडी त्या टेकडीवर हातापायांनी चढून गेली. मागून आरमारातील दोनशे तीस खलाशी किनाऱ्यावर उतरले, आणि त्यांच्या अग्रभागी कप्तान केग्विन होता. सतरा वर्षांपूर्वी सेंट हेलेनाला ज्या युक्तीने बेट घेतले, तीच युक्ती येथे पुन्हा चालली. फ्रेंच मागे हटले. बास्तेरकडे जाताना झालेल्या त्या चकमकीत केग्विनला गोळी लागली आणि त्याच जखमेने तो मेला. जुलैत फ्रेंचांचा किल्ला पडला आणि बेट इंग्रजांच्या हाती आले.